दहापैकी किती दम

बायको: …ते राहू दे. तुम्ही बरे झाला नाहीत, तर सगळ्यात जास्त फायदा कुणाचा, एवढं तरी एकदा मोजा.

लिलाववाले: मोजलं. डॉक्टरचा.

बायको: डॉक्टरांनी तुम्हाला केव्हाच सोडलं. फुप्फुसातली गुठळी विरघळली, हृदय ठीक आहे, घरी जा म्हणाले. फायदा भाऊजींचा. हातोडा त्यांच्या हातात आला, उंच मेजामागे ते उभे राहतात. परवा चहावाला त्यांना ‘मालक’ म्हणाला.

लिलाववाले: चहावाला बिल देईल त्याला मालक म्हणतो.

बायको: दुसरा फायदा धाकट्या जावेचा. बोल्या लिहायच्या माझ्या खुर्चीवर बसते आता. घरून उशी आणलीय. उशी आणली म्हणजे मुक्काम ठरला.

लिलाववाले: आणि तिसरा?

बायको: तिसरा तुमचा.

लिलाववाले: माझा? जिना चढताना मधल्या वळणावर भिंतीला पाठ लावून उभा राहतो, पालीसारखा. ह्यात फायदा कसला?

बायको: चहा बसल्या जागी येतो. जड उचलायचं नाही. माझा भाऊ घरी आला की तुम्ही झोपलेले असता. लाइटचं बिल भरायला गेलं की रांग लागते, आणि रांगेत तुम्हाला दम लागतो, म्हणून तीही मीच लावते.

लिलाववाले: दम खरंच लागतो.

बायको: लागतो, नाही कोण म्हणतं? खोटा असता तर घरीच काढला असता. खरा आहे म्हणून इथं आणलं. उठा, मॅडम आल्या.

फिजिओ: नमस्कार काका. वर लिफ्टनं आलात की जिन्यानं?

लिलाववाले: लिफ्टनं. मनानं मात्र जिन्यानं.

फिजिओ: मनाचे व्यायाम वरच्या मजल्यावर होतात. इथं पायांचे. बसू नका, काका.

लिलाववाले: खुर्ची मांडून ठेवायची आणि बसू नका म्हणायचं!

फिजिओ: ती काकूंसाठी आहे.

बायको: चला, कुणीतरी मला खुर्ची दिली.

फिजिओ: तुमचे कागद वाचलेत मी. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती, गोळ्यांनी गेली. पुन्हा तपासलं, रस्ते मोकळे आहेत. तरी दम लागतो.

लिलाववाले: म्हणजे ढोंग, असंच ना? धाकटा तेच म्हणतो. ‘दादा, रिपोर्ट तर छान आहेत.’ जणू काही माझ्याऐवजी रिपोर्टच जिना चढणार आहे.

फिजिओ: ढोंग कोण म्हणालं? दम खरा आहे. गुठळी गेली, पण तुम्ही मधे किती महिने पडून होता! पाय गळाले. पाय गळाले म्हणून थोड्याशा कामालाही दम लागतो. दम लागला की वाटतं, आली परत गुठळी. म्हणून तुम्ही बसता. बसलात की पाय आणखी गळतात.

बायको: आमच्या घरात ह्याला विश्रांती म्हणतात.

लिलाववाले: आणि ती घ्यायला मला कुठं बसवतात, ते सांग की. धाकट्यानं मला लिलावघराच्या दाराशी बसवलंय, मॅडम. मांडीवर शाल. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, ‘आमचे आजारी दादा.’ गेल्या खेपेला एका बाईनं माझ्या खुर्चीची बोली लावली. मी तिच्यात बसलेला असताना!

बायको: तिला वाटलं, तुम्ही खुर्चीबरोबर येता.

लिलाववाले: वाईट त्याचं नाही वाटलं. धाकट्यानं बोली घेतली, त्याचं वाटलं.

फिजिओ: म्हणजे लिलाव पुकारता तुम्ही? कागदावर नुसतं ‘व्यवसाय’ लिहिलंय.

बायको: वडिलांपासूनचा धंदा आहे. उठलेली दुकानं, वारलेल्या लोकांची घरं, जुनी कपाटं, घड्याळं. गुठळी आली तीसुद्धा भर लिलावात. एका शिसवी कपाटावर ‘एक वार, दोन वार’ म्हणाले, आणि ‘तीन’ आलाच नाही. ते गिऱ्हाईक अजून भांडतंय, की कपाट माझंच.

फिजिओ: बरं, आता इकडे बघा. भिंतीवरची ही पाटी. शून्य म्हणजे दम अजिबात नाही. दहा म्हणजे आता पुढं एक पाऊल टाकवणार नाही. ह्या फिरत्या पट्टीवर, म्हणजे ट्रेडमिलवर, चालताना मी मधेमधे विचारीन, तेव्हा आकडा सांगायचा. आपल्याला चार ते सहाच्या मधे राहायचंय. चारच्या खाली व्यायाम होत नाही, सहाच्या वर शहाणपणा होत नाही.

लिलाववाले: आकडा मी सांगायचा?

फिजिओ: तुमचा दम, तुम्हीच सांगणार.

बायको: झालं! अहो मॅडम, ह्या माणसानं जन्मात एक आकडा पहिल्या झटक्यात खरा सांगितलेला नाही. लग्न ठरताना वय विचारलं, तर आधी कमी सांगितलं आणि मग आमच्या मामांच्या चेहऱ्याकडे बघत बघत वाढवत नेलं.

लिलाववाले: खरा आकडा आधीच सांगितला की माणूस संपला. धंद्याचा पहिला धडा.

फिजिओ: पण मी तुमच्याकडून काही विकत घेत नाहीये, काका.

लिलाववाले: सगळे असंच म्हणत आत येतात.

फिजिओ: चढा पट्टीवर. सावकाश. असं… छान. जरा वाढवते… आता आकडा?

लिलाववाले: तुम्ही काय धरून चाललाय?

फिजिओ: मी काहीच धरलेलं नाही. आकडा.

लिलाववाले: दोन.

बायको: सहा.

लिलाववाले: तू कुणाच्या बाजूनं बोली लावतेस गं?

बायको: सहा. कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडल्यात. आणि कठडा असा धरलाय, जसा कुणी हिसकावून नेतंय.

फिजिओ: काका, कठडा सोडा.

लिलाववाले: …चार.

फिजिओ: आत्ता तर दोन म्हणालात!

लिलाववाले: कठड्याचे दोन.

फिजिओ: ठीक. वेग थोडा कमी करते. आता?

लिलाववाले: आठ.

फिजिओ: कमी केल्यावर आठ?

लिलाववाले: आणखी उतरताय का, बघत होतो.

बायको: म्हटलं ना मी!

* * *

फिजिओ: घरचा व्यायाम झाला का? खुर्चीतून हात न टेकता उठायचं, परत बसायचं.

बायको: उठतात की. चहा आल्याचं कळलं की हात न टेकता उठतात.

लिलाववाले: हिला कौतुक नाही. मॅडम, काल मी भाजीची पिशवी वरपर्यंत नेली.

बायको: कोथिंबिरीची.

फिजिओ: कोथिंबीर तर कोथिंबीर. चढा. आज आकडा विचारणार नाही, तुमच्या आकड्यांनी मी हैराण झालेय. आज वेगळी कसोटी. चालता चालता बोलायचं. माणसाला बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे वेग बरोबर. बोलताही येईना, म्हणजे जास्त झाला. सोपं आहे.

लिलाववाले: काय बोलू?

फिजिओ: काहीही. थांबू नका म्हणजे झालं.

लिलाववाले: मला? थांबू नका म्हणून मला सांगताय? ‘या मंडळी, या! बघा ही सायकल! हिला चाकं नाहीत, तेव्हा चोरीची भीती नाही. दिवसभर मारा, पोहोचणार कुठंच नाही. संसारी लोकांना ह्याहून जास्त समजावायला नको! कोण बोलतंय? कोपऱ्यातले आजोबा, मान हलवलीत, की तुमची हलतेच? धरली तुमची बोली! आता ही वजनं. छोटी दिसतात, पण उचलून बघा, सासरच्या लोकांसारखी आहेत, हातात घेतल्यावर कळतात! कोण बोलतंय? तिकडे, मागे?’

फिजिओ: वा, काका! एवढं सलग बोलताय म्हणजे अजून बराच दम शिल्लक आहे. वेग वाढवते.

बायको: वाढवू नका. सात आहेत.

फिजिओ: सात? अहो काकू, सातला माणूस धड दोन शब्द बोलू शकत नाही.

बायको: माणूस नाही बोलू शकत. लिलाववाला बोलतो. नीट बघा आता. ‘कोण बोलतंय’ म्हणून बोट दाखवतात ना, तेव्हा सगळी खोली त्या बोटाकडे बघते. तुम्हीसुद्धा बघितलंत. तेवढ्यात हे श्वास चोरतात. नाकानं, खांदे न हलवता. सासऱ्यांनी शिकवलंय. लिलाववाल्याला धाप लागलेली दिसली की गिऱ्हाइकाला कळतं, ह्याला संपवायची घाई झालीय. मग बोली जागच्या जागी बसते.

लिलाववाले: घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडतेस!

बायको: हात मागे बांधा बघू. बोट न दाखवता बोला.

लिलाववाले: ‘तर मंडळी… ही जी… ही…’

फिजिओ: थांबवतेय मी पट्टी. उतरू नका, उभे राहा… काका, किती?

लिलाववाले: पाच.

बायको: सात.

फिजिओ: सातला दिली.

लिलाववाले: शिकताय तुम्ही.

फिजिओ: तुमचा चेहरा उतरला, काका. काय झालं?

लिलाववाले: काही नाही. छातीत वाजलं जरा. त्या कपाटाच्या वेळी वाजलं होतं, तसं.

फिजिओ: ते हृदय आहे. काम केलं की वाजणारच. बोटाला लावलेली ही क्लिप बघा, ऑक्सिजन अगदी चांगला आहे. नाडी पळतेय, पण तुमची बोलतानाही पळते. थोडं थांबलात की आपोआप खाली येईल. येतेय बघा. दिसतंय?

लिलाववाले: दिसतंय. पण छातीला हे कोण सांगणार?

फिजिओ: पाय सांगतील. रोज थोडं थोडं. आणि ऐका, यापुढे आकडा काकूंचा धरणार मी. मला तेच सोपं.

लिलाववाले: दम माझा आणि माप बायकोच्या हातात. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज कागदावर आलं.

* * *

फिजिओ: काय ऐकतेय मी? दोन्ही मजले जिन्यानं आलात?

लिलाववाले: मधल्या वळणावर एक बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, ही जागा माझी होती, आता तुम्ही वापरा.

बायको: मग पुढं जाऊन वरच्या पायरीवर थांबले, तिला दिसणार नाही असे.

फिजिओ: थांबू देत. चढले ना! काकू, खरंच फरक पडलाय. तुमच्या आकड्यांवर चाललो, म्हणून पडलाय.

बायको: मग एक विचारते. चौकातलं मोठं हॉटेल बंद पडलं, माहीत असेल तुम्हाला. त्याचं सगळं सामान आमच्याकडे आलंय. खोल्याखोल्यांचे पलंग, आरसे, झुंबरं, चमचेसुद्धा. लिलाव येत्या आठवड्यात. दिवसभर उभं राहून पुकारायचंय.

लिलाववाले: वडिलांच्या हयातीत असा लिलाव झाला नाही.

बायको: भाऊजी म्हणतात, ‘दादाला झेपत असेल तर दादाच उभा राहील. व्यायामवाल्या मॅडमना हो म्हणू दे.’ अगदी मान खाली घालून म्हणतात. कोट मात्र शिवायला टाकलाय.

लिलाववाले: शिवू दे. पुढं कधीतरी तोही विकू.

बायको: हसण्यावारी नेऊ नका. मॅडम, ह्या लिलावाला जो उभा राहील, तोच पुढं कायम उभा राहणार. बाजाराची आठवण एवढीशी असते. शेवटचा हातोडा ज्याचा ऐकला, तो त्यांचा मालक.

फिजिओ: आज लगेच हो म्हणता येणार नाही मला. चालणं वेगळं, दिवसभर उभं राहून ओरडणं वेगळं.

बायको: मग कशावर म्हणाल?

फिजिओ: आज पट्टीला चढ देऊन बघू. चढावर सहाच्या आत राहिले आणि पायांनी साथ दिली, तर हो. नाही तर हा लिलाव सोडायचा, पुढचा बघायचा. आणि काका, पडायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत तुमच्या. साधा मार लागला तरी महागात जातं.

लिलाववाले: पडतो कशाला? द्या चढ.

फिजिओ: दिला. पावलं लहान टाका… आकडा?

लिलाववाले: दोन.

फिजिओ: तुमचे दोन मला माहीत आहेत. काकू?

बायको: थांबा, नीट बघू दे.

फिजिओ: बघा. किती?

बायको: तीन.

फिजिओ: तीन? दोघं इतके जवळ कधीपासून आलात?

बायको: आज बरे आहेत.

फिजिओ: नाडी बरीच वर दिसतेय पण.

बायको: बोलताना पळतेच ना त्यांची? तुम्हीच म्हणाला होता.

फिजिओ: म्हणाले होते, खरं आहे. मग थोडा वाढवू चढ?

लिलाववाले: वाढवा! ‘या मंडळी, हा आरसा बघा! हॉटेलच्या दिवाणखान्यातला! ह्यात नवरे बायकांसमोर पोट आत घेऊन उभे राहिलेत, आणि बायकांनी ते मागून पाहिलंय! कोण बोलतंय? तुम्ही? का ह्या बाई तुमच्या वतीनं?’

फिजिओ: काकू?

बायको: तीनच. चार म्हणा फार तर.

लिलाववाले: ‘तडा नाही, डाग नाही… माणसं गेली, हा तेवढा राहिला… कोण बोलतंय? मागे… तिकडे मागे…’

फिजिओ: काका, बोट खाली. बोट दाखवू नका. काका?

लिलाववाले: ‘तिकडे… कोण…’

फिजिओ: पाय उचला, काका! दोरी! काकू, पट्टी थांबवा, ती लाल दोरी ओढा!

बायको: अहो!

* * *

[काही आठवड्यांनंतर. तीच खोली. लिलाववाल्यांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत मार लागल्याचा डाग आहे. कडेनं पिवळा, मधे अजून जांभळा.]

फिजिओ: पिवळा पडतोय, म्हणजे बरा होतोय.

लिलाववाले: लोक बघायला येतात. काल एकजण म्हणाला, जुन्या नकाशासारखा दिसतो. चौकटीत घातला असता तर जाग्यावर विकला गेला असता.

फिजिओ: थट्टा पुरे. कठड्यावर तोंड आपटलं, तेही पातळ रक्तावर. डोक्यात रक्तस्राव झाला नाही, नवी गुठळी नाही, हे नशीब समजा. पाय संपले होते तुमचे, बाकी काही नाही. हॉटेलच्या लिलावाचं काय झालं?

लिलाववाले: जोरात झाला. धाकट्याला कोट बरा बसला. पाटीही नवी रंगवली. माझं नाव आहे अजून, पण वरच्या ओळीत नेलंय, वडिलांच्या शेजारी.

फिजिओ: हा मानच झाला की.

लिलाववाले: वडील वारलेत, मॅडम.

फिजिओ: …आणि काकूंची खुर्ची?

बायको: तिथं आता दोन उशा आहेत. एक पाठीला.

फिजिओ: काकू, मला एक विचारायचंय. त्या दिवशी खरा आकडा किती होता?

बायको: आता कशाला ते?

फिजिओ: मला कळायला हवं. नाडी माझ्या डोळ्यांसमोर होती. तरी मी तुमच्या आकड्यावर गेले, कारण तो नेहमी बरोबर निघायचा आणि मला डोकं चालवावं लागायचं नाही. माझी चूक मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगितलीय, त्यांची बोलणीही खाल्लीत. पण आकडा किती होता?

बायको: आठ.

फिजिओ: शेवटी?

बायको: शेवटी नऊ असेल. तुम्ही पहिल्यांदा विचारलंत तेव्हा आठ.

फिजिओ: आणि तुम्ही तीन म्हणालात. काकांना उभं राहायचं होतं म्हणून?

बायको: घरी सगळ्यांना तसंच सांगितलंय. ‘त्यांची तळमळ बघवेना हो.’ थोडी रडलेसुद्धा. धाकटीनं पाणी आणून दिलं.

फिजिओ: आणि मला काय सांगताय?

बायको: तुला काय सांगायचं, पोरी? तुझं काही माझ्याकडे अडलेलं नाही, म्हणून खरं सांगते. हे वर उभे राहिले की खाली मेजाशी मी बसते. सगळ्या बाजारासमोर. कोण किती बोललं, कुणाला सुटलं, ते मी लिहिते. दोन धटिंगण एकमेकांच्या अंगावर गेले तरी शेवटी माझ्याकडे वळून विचारतात, ‘बाई, काय लिहिलंय?’ मी सांगितलं की गप्प बसतात. जगात तेवढ्या एका जागी माझा शब्द शेवटचा. घरी तर ह्यांच्या चहात साखर किती, हेसुद्धा मला चारदा विचारून पाचव्यांदा दुसराच कुणी ठरवतो.

फिजिओ: काकू…

बायको: ऐक. ह्यांना बरं व्हायला वेळ होता. आज नाही तर सहा महिन्यांनी झाले असते. माझी खुर्ची त्या आठवड्यात कायमची जाणार होती. म्हणून तीन म्हणाले.

फिजिओ: काका ऐकतायत.

बायको: ऐकू देत. त्यांच्यासमोरच बोलतेय.

लिलाववाले: ह्यात नवीन काय ऐकायचं? मला तेव्हाच कळलं होतं.

बायको: काय कळलं होतं?

लिलाववाले: इतकी वर्षं तू माझ्या पायाशी बसून आकडे लिहितेस. तुझा आकडा चुकलेला मी एकदाही पाहिला नाही. त्या दिवशी तू तीन म्हणालीस, आणि माझे पाय तर मला सांगत होते ना, किती ते! म्हटलं, हिला खुर्ची हवीय.

बायको: आणि तरी चालत राहिलात?

लिलाववाले: समोरच्याची गरज कळली की बोली थांबवायची नसते.

बायको: सरळ बोला एकदा तरी.

लिलाववाले: सरळच बोललो. तू कधी काही मागितलं नाहीस. त्या दिवशी पहिल्यांदा मागितलंस, तेही असं आडून. म्हटलं, बघू पाय किती देतात.

बायको: मूर्ख आहात तुम्ही.

लिलाववाले: आहे की. माझ्या लिलावाला लोक उगाच गर्दी करत नव्हते.

बायको: मी थांबवायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. आठ म्हणायला किती वेळ लागतो?

लिलाववाले: तीन म्हणायला लागतो तेवढाच.

बायको: म्हणजे माझ्या खुर्चीची किंमत तुम्ही भरलीत. अशी तोंडावर.

लिलाववाले: भरली. माल तेवढा घरी आला नाही.

फिजिओ: झालं दोघांचं? मग आता मी बोलते. आपण पुन्हा पहिल्या दिवसापाशी आलोय. पट्टी सपाट, चाल सावकाश. धाकट्या भावाचं, हॉटेलचं, खुर्चीचं इथं काही आणायचं नाही. आणि काकूंचा आकडा मी घेणार नाही.

लिलाववाले: मग कुणाचा?

फिजिओ: तुमचा.

लिलाववाले: म्हणजे खोटा.

फिजिओ: ते तुमच्यावर. दोन म्हणालात तर वाढवीन, आठ म्हणालात तर थांबवीन. जे म्हणाल ते धरीन, वर एक शब्द विचारणार नाही. नाडी मात्र मी बघतेय, आणि ह्या वेळी नुसती बघणार नाही.

लिलाववाले: घासाघीस नाही?

फिजिओ: नाही.

लिलाववाले: असा बाजार मी जन्मात पाहिला नाही. ह्यात माणूस बोलणार काय?

फिजिओ: बोलायचंच नाहीये. कठडा सोडा, हात मोकळे. फक्त चाला… थोडं आणखी. बरं. किती?

लिलाववाले: सहा.

फिजिओ: एवढ्या सावकाश चालीला?

लिलाववाले: विचारणार नव्हतात ना एक शब्द? सहा.

फिजिओ: धरले. काकू, तुम्हाला विचारत नाहीये. पण तुम्ही इतक्या गप्प कधी नसता.

बायको: काय बोलू? सहाच आहेत.